एक्केचाळिसाव्या पायरीवरची हिरवी खूण

भावजी, चूक सापडली.

एक्केचाळिसावी पायरी, पहिलीच ओळ. तुम्ही जाऊन आज छत्तीस दिवस झाले आणि चूक सापडून दोन आठवडे. सापडली त्या दिवशी मी शेडात एकटीच होते. तोंडातून मोठ्यानं निघालं, "अहो भावजी, हे बघा!" आणि बघायला समोर कोण, तर तुमचं बंद लेथ मशीन, वर कापड घातलेलं. असला राग आला म्हणून सांगू! तीन वर्षं आपण दोघं एका आकड्याच्या मागे लागलो, शेवटी गणित फसलं, का फसलं ते कळेना, आणि आता कळलं तर ऐकायला तुम्ही नाही. एवढी घाई कशाची होती तुम्हाला?

चौकात तुमचा फ्लेक्स लागला होता. फोटो कोटातला. तो कोट तुम्ही आयुष्यात एकदाच घातला, तोही शेजाऱ्यांचा मागून. खाली 'मनमिळाऊ, कष्टाळू, प्रेमळ'. दहाव्याला जो येईल तो म्हणे, देवमाणूस होते हो. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, देवमाणूस कसले, हट्टी होतात नुसते! ज्याचं उत्तर सगळ्या जगाला माहीत आहे ते स्वतःच्या हातानं परत काढून बघायला बसणारा माणूस. पण हे कुणी बोललं नाही. बोलणार कसं, त्या आकड्याचं पुरतं तीनच माणसांना माहीत. तुम्हाला, मला आणि तुमच्या बायकोला. आणि सुमनसमोर आकड्याचं नाव काढलं की ती भांडी आपटते.

म्हणून लिहिते आहे. बोलायची सवय मला, लिहायची नाही, पण बोलायला आता माणूस राहिलं नाही.

सगळं सुरू झालं ते एकशे सत्तावीसपासून. तुमच्या दादांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, चिखलीत हे शेड टाकलं तेव्हा पहिलं लेथ आणलं ते जुनं, इंचातलं. चाकणच्या कंपन्यांची कामं मात्र मिलिमीटरमध्ये. इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर मध्ये एकशे सत्तावीस दात्यांचा गिअर लागतो, कारण पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर. मी तेव्हा नुकती शेडात यायला लागले होते, जेवणाचा डबा घेऊन. तो गिअर नाही म्हणून काम अडलेलं, तुम्ही कपाळाला हात लावून बसलेले. मी आपलं विचारलं, "एवढा मोठा कशाला? दोन बारके जोडून नाही का चालत?"

तुम्ही हसला नाहीत. दुसरा कुणी हसला असता. तुम्ही म्हणालात, "वहिनी, एकशे वीस पायजे असता तर बारक्या-बारक्यात भागला असता. एकशे सव्वीसही भागला असता. ह्येला कशानंच भाग जात न्हाई. ह्यो स्वतःच पायजे."

मूळ संख्येची व्याख्या शाळेत मास्तरांनी घोकून घेतली होती. एक आणि ती संख्या सोडून तिला कशानंही भाग जात नाही. सातवीला मार्कही पडले होते. पण एखादा आकडा असा अडून बसतो, त्याच्या जागी दुसरं काहीच चालत नाही, हे मला त्या दिवशी त्या शेडात समजलं.

मग तुम्ही तो गिअर घरीच कापायचं ठरवलंत. दाते सारख्या अंतरावर पाडायला जे डिव्हायडिंग हेड लागतं, त्याला एकशे सत्तावीस भोकांची प्लेट येत नाही, त्यामुळे एकशे वीस धरून चालायचं आणि मागे गिअर जोडून ती प्लेटच थोडी-थोडी उलटी फिरवत न्यायची, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात सात दाते जास्त बसतात. तीन दिवस तुम्ही आणि दादा ते जुळवत होता. चौथ्या दिवशी कापला. फेरा अगदी बेमालूम मिटला, शेवटचा दाता पहिल्याला येऊन बरोबर भिडला. तुम्ही मिशीवर हात फिरवलात. मला म्हणालात, "मोजा."

मी खडूची खूण करून मोजले. एकशे तेरा.

"परत मोजा."

परत एकशे तेरा. दादा म्हणाले, "तरीच दाते जाडे दिसत होते." मागे जोडताना मधला एक गिअर जास्त लागला होता, त्यामुळे प्लेट उलटी फिरायच्या ऐवजी सुलटी फिरली, आणि सात दाते वाढायच्या ऐवजी सात कमी झाले. चांगलं बिडाचं मटेरियल वाया. दादा दिवसभर बोलले नाहीत तुमच्याशी. आणि तुम्ही काय केलंत? जेवायला बसल्यावर, भाकरी तोडता-तोडता मला विचारलंत, "वहिनी, एकशे तेराला कशानं भाग जातोय का बघा."

नाही जात. बघितलं आपण. मग तुम्ही म्हणालात, आता एकशे चौदापासून एकशे सव्वीसपर्यंत बघू. एकेक करत गेलो. एकशे एकोणीसवर तुम्ही अडलात, मी सतराच्या पाढ्यात पकडला. एकशे एकवीसवर मी अडले, तो तुम्ही अकरा अकरानं सोडवलात. तेराच्या तेरा आकड्यांना भाग गेला. म्हणजे आपण चुकलो ते एका मूळ संख्येवरून थेट शेजारच्या मूळ संख्येवर जाऊन पडलो, मध्ये एकही नाही! तुम्ही एवढे खूश झालात की दादांनाच हसू आलं. "मटेरियल वाया घालवून नाचतंय येडं," म्हणाले.

तिथून आपली खोड लागली. दुसऱ्यांच्या घरात दीर-भावजया सिरियलवर बोलतात, आपण मूळ संख्यांवर. दादा गेल्यावर शेड तुम्ही आणि मीच चालवलं. तुम्ही मशीनवर, मी तपासणीला. आणि तो नियम तुम्हीच घातलात, पहिल्या दिवशी, मायक्रोमीटर माझ्या हातात देताना. "वहिनी, ज्यानं काम केलं त्यानं ते पास करायचं न्हाई. मी केलेलं तुम्ही बघायचं. मी कितीबी गोड बोललो तरी." तुमची निळ्या शाईची सही, तिच्या शेजारी माझी हिरवी खूण. हिरवी खूण नसेल तर पीस शेडाबाहेर जात नसे. चाकणहून एकदा कंपनीचा तपासनीस आला होता, आठवतं का? मला ओलांडून तुमच्याकडे गेला, "साहेब, क्वालिटीचं कोण बघतं?" तुम्ही हात पुसत म्हणालात, "साहेब त्या हैत, मी नुसता कामगार." तो मला विचारतो, मॅडम, शिक्षण कुठं झालं? मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच बोललात, "इथंच. अजून चालूच हाय."

हे मी तुमच्यासमोर कधी बोलून दाखवलं नाही. त्या एका वाक्यावर मी पुढची वीस वर्षं ताठ मानेनं काढली, भावजी.

तो मोठा आकडा मीच घरात आणला. दोष द्यायचा तर मला द्यायला हवा सुमननं. रविवारच्या पुरवणीत आला होता. दोनाला दोनानं गुणत जायचं, एकशे सत्तावीस दोन लागेपर्यंत, आणि आलेल्या संख्येतून एक वजा करायचा. एकोणचाळीस अंकी संख्या येते आणि ती मूळ संख्या आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणा परदेशी माणसानं यंत्राशिवाय, नुसत्या कागदावर सिद्ध केलं ते. मी कात्रण तुमच्यापुढे टाकलं, "बघा, तुमचा एकशे सत्तावीस कुठं जाऊन पोचलाय!"

गुरुवार होता. एमआयडीसीची सुट्टी, आसपासची सगळी शेडं बंद, पत्र्यावर कावळ्याचे पाय वाजलेले ऐकू येत होते. आपण दोघं जॉबकार्डांच्या पाठीवर दुप्पट करत बसलो. मी मोठ्यानं म्हणायचं, तुम्ही लिहायचं. १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. मला अजून पाठ आहे. तीन-तीनच्या गटांत म्हणायची सवय झाली होती आपल्याला. तुम्ही लेथवर जॉब लावताना गुणगुणायचात.

आणि मग तुम्हाला ती साखळी दिसली. दोन दोन लावले, म्हणजे दोन गुणिले दोन चार, आणि एक वजा केला की तीन. तीन दोन लावले की सात. सात दोन लावले की एकशे सत्तावीस. एकशे सत्तावीस लावले की हा मोठा. सगळ्या मूळ संख्या! मग ह्या मोठ्या आकड्याइतके दोन लावले तर?

"ती बी मूळच असणार," तुम्ही म्हणालात. "सगळे पास झाल्यात."

मी म्हटलं, "चार पीस बघून लॉट पास करायचा नसतो."

"वहिनी, एकाच घरातले हैत सगळे."

"अकराला लावून बघा तुमचं हेच. अकराही मूळ संख्या. अकरा दोन लावून एक वजा केला की दोन हजार सत्तेचाळीस, आणि त्याला तेवीसनं भाग जातो. एकोणनव्वद येतात."

"अकरा ह्या घरातला न्हाईच!"

किती वर्षं भांडलो आपण ह्यावर. ह्यात भर म्हणजे कुणालाच उत्तर माहीत नाही. ती पुढची संख्या इतकी मोठी की तिच्यात अंक किती आहेत हे नुसतं सांगायलाच अडतीस अंकी आकडा लागतो. लोकांनी लहान-लहान आकड्यांनी भाग लावून बघितलाय, अजून एकही लागला नाही. पण म्हणून मूळ आहे असं म्हणता येत नाही. म्हणजे तुम्ही बरोबर का मी, हे तुम्ही असतानाही कळणार नव्हतं आणि आता तुम्ही गेल्यावरही कळणार नाही. एक भांडण तरी धड मिटवून जायचंत.

मग शेड तुम्ही भाड्यानं दिलंत, पुढची एक खोली आणि ते जुनं लेथ तेवढं ठेवलंत, आणि एका गुरुवारी मला म्हणालात, "वहिनी, पुढचा न्हाई तर न्हाई, पण ह्यो एकोणचाळीस अंकी आपण आपल्या हातानं तपासायचा."

मी म्हटलं, पेपरात छापून आलंय की.

"दुसऱ्याच्या तपासणीवर मी कधी माल पाठवलाय का?"

माझी नात म्हणाली, आजी, मोबाईलवर दोन सेकंदांत होईल. तुम्ही तिला म्हणालात, "बाळा, त्येनं केलं ते त्येला कळलं. मला काय कळलं?"

रीत सोपी होती, म्हणून तर आपण फसलो. चारपासून सुरू करायचं. संख्येचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या मोठ्या आकड्यानं भागायचं, बाकी राहील ती पुढच्या पायरीला घ्यायची. आधी एकशे सत्तावीसवर करून बघितलं. चारावरून चौदा, मग सदुसष्ट, मग बेचाळीस, मग एकशे अकरा, आणि पाचव्या पायरीला बाकी शून्य. शून्य आलं की संख्या मूळ! काय सुंदर आलं होतं ते शून्य. तुम्ही ते दोनदा गिरवलंत. मोठ्या आकड्याला फक्त पायऱ्या जास्त होत्या. एकशे पंचवीस. आणि प्रत्येक पायरीला एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग. एका पायरीला चार-चार फुलस्केप भरायचे.

तुम्ही करायचं, मी तपासायचं, नेहमीचंच. प्रत्येक पायरीला मी नवाचा ताळा घ्यायची. सगळे अंक मिळवायचे, नऊ काढत जायचे, दोन्ही बाजूंना तेच उरलं पाहिजे. उरलं की हिरवी खूण. ताळा जुळला नाही असं बारा-पंधरा वेळा झालं, प्रत्येक वेळी तुम्ही मुकाट्यानं कागद फाडून पुन्हा केलात. मला त्याचा अभिमान होता. माझ्या हातून काही सुटत नाही ह्याचा.

तीन वर्षं! मध्ये तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मध्ये हातांना कंप सुरू झाला. सुमन म्हणायची, "देवदर्शनाला चला म्हटलं तर गुडघे दुखतात, आकड्याला काही दुखत नाही ह्यांचं." तुम्ही म्हणायचात, "संपत आलंय गं." ऐंशीव्या पायरीपासून म्हणत होतात.

एकशे पंचविसावी पायरी. गुरुवारच. मला सकाळपासून चैन नव्हती, मी शिरा करून नेला होता. तुम्ही भागाकार करत होता आणि मी शेजारी बसून शून्याची वाट बघत होते. एकेक अंक खाली येत होता. बाकी उरली. अडतीस अंकी.

तुम्ही पेन खाली ठेवलंत. बोलले मी. तेच तर दुखणं आहे, भावजी. मी म्हटलं, "माझे सगळे ताळे जुळलेत. एकूण एक. तुमचाच हात कुठेतरी थरथरला असेल."

दारात सुमन चहा घेऊन उभी होती. तुम्ही आपल्या उजव्या हाताकडे बघितलंत, मग तो खिशात घातलात आणि म्हणालात, "असंल, वहिनी."

ज्या हातानं चाळीस वर्षं केसाच्या मापाची कामं केली, त्याला मी असं बोलले. आणि तुम्ही भांडला नाही! एरवी अकरावरून शेड डोक्यावर घेणारा माणूस, आणि त्या दिवशी 'असंल'. भांडायचं होतंत ना! म्हणायचं होतंत, वहिनी, तुमचा ताळा दाखवा. मी दाखवला असता, आपण परत सगळे कागद लावले असते, एखाद्या गुरुवारी सापडलं असतं.

पुढच्या गुरुवारी तुम्ही आला नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग दवाखाना. मी भेटायला आले तेव्हा मनात ठरवून आले होते की म्हणेन, माझ्याकडून बोलण्यात जरा जास्तच झालं. आणि बोलले काय, तर चाकण चौकात ट्रॅफिक किती असतं ते. पाऊण तास ट्रॅफिक! तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. उठताना तुम्ही विचारलंत, "शेडाच्या मागच्या दाराला कडी घातली का?" मी म्हटलं, घातली. ते आपलं शेवटचं बोलणं.

तेराव्यानंतर सुमननं पिशवी आणून दिली. "अक्का, हे न्या, नाहीतर रद्दीत टाकते." पाचशे-सहाशे कागद. मी शेडात नेऊन लावले आणि वाचायला बसले, मोठ्यानं, तीन-तीनच्या गटांत. खालची बाकी म्हणायची, मग पुढच्या पायरीची वरची ओळ म्हणायची. चाळिसाव्या पायरीच्या तळाला 'सातशे एकोणसत्तर' म्हटलं आणि एक्केचाळिसाव्याच्या वर माझ्या तोंडातून आलं 'सातशे शहाण्णव'.

उतरवून घेताना सहा आणि नऊ उलटे झालेत. बस, एवढंच! आणि शेजारी माझी हिरवी खूण, ऐटीत.

जुळणारच की ताळा. सात, सहा, नऊ मिळवा का सात, नऊ, सहा मिळवा, बेरीज तीच. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसतच नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. कधीकाळी वाचलं होतं की त्याला अकराचा ताळाही लागतो. पण अकराचा करायला वेळ जास्त, आणि तुमच्या हातावर मी डोळे झाकून भरवसा ठेवला. आणि शेवटी दोष मात्र त्याच हाताला दिला. तिथून पुढच्या पंच्याऐंशी पायऱ्या तुम्ही एकेक करून अगदी बरोबर केल्यात, चुकीच्या आकड्यावर. त्या सगळ्यांवर माझी हिरवी खूण आहे.

दोन रात्री नीट जेवले नाही. मग सुमनकडे गेले. सांगायचं तर तिला सांगायला हवं होतं, कारण मी बोलले ते तिनं ऐकलं होतं. ती मेथी निवडत बसली होती. मी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे ते चुकले नव्हते?"

"चुकले. अंक उलटे त्यांनीच लिहिले. पण ते पकडायलाच मी होते. माझं काम तेवढंच होतं."

तिनं मेथीची जुडी पुढे ओढली. मग म्हणाली, "त्या दिवसापासून उजवा हात चादरीखाली ठेवायचे. मला म्हणायचे, सुमे, ह्या हातात आता राम राहिला न्हाई." आणि पुढे, "माफ कर म्हणू नका मला."

"नाही म्हणत."

"आता काय करणार त्या कागदांचं?"

"पुढे करणार. एक्केचाळीसपासून."

"तुम्ही? त्र्याहत्तर वर्षांच्या बाईनं?"

"मग कोण?"

"आणि तपासणार कोण? केलं त्यानं पास करायचं नाही, हे मी लग्न झाल्यापासून ऐकते तुमच्या दोघांच्या तोंडून."

खरं सांगते, विचारच केला नव्हता. एकटीनं करायचं आणि एकटीनंच हिरवी खूण करायची, म्हणजे पुन्हा तेच. मी कागद उचलायला लागले. जुडीतली शेवटची काडी टाकून सुमन म्हणाली, "तीन वर्षांचे गुरुवार खाल्ले माझे त्या आकड्यानं. बघू दे तरी त्याचं तोंड."

तुमची बायको नववी झालेली आहे, भावजी. माझ्यापेक्षा दोन इयत्ता जास्त. पस्तीस वर्षांत तुम्ही तिला शेडात बोलावलं नाहीत आणि मीही नाही. तिच्या हातचा चहा तेवढा घेतला दोघांनी. तिला नवाचा ताळा अर्ध्या तासात आला. अकराचा तिसऱ्या दिवशी. उजवीकडून एक सोडून एक अंक मिळवायचे, उरलेले वेगळे मिळवायचे आणि वजाबाकी करायची. सहा-नऊ उलटे झाले की लगेच दिसतं. मी तुमच्या चाळिसाव्या आणि एक्केचाळिसाव्या पायरीवरच करून घेतलं तिच्याकडून. वजाबाकी वेगळी आली तेव्हा ती पदरानं डोळे पुसून म्हणाली, पुढचं सांगा.

एक्केचाळिसावी पायरी मला नऊ दिवस पुरली. तुम्ही पाचात करायचात. आज दुपारी पुरी झाली. सुमन चष्मा घेऊन आली, दोन तास बसली.

"अक्का, ताळा जुळत नाही."

"कुठला?"

"नवाचा पण नाही, अकराचा पण नाही."

"असं कसं? परत कर."

"दोनदा केला."

"तुला अजून नीट येत नाही ते."

"मग तुम्ही करा. माझ्यासमोर करा."

केला. नाही जुळला. तिसऱ्या कागदावर हातचा एक धरायचा राहिला होता. मी म्हटलं, तेवढं खोडून पुढचं दुरुस्त करते. ती म्हणाली, "खोडाखोड चालायची नाही. फाडा आणि नव्यानं करा." आणि माझ्या हातातलं पेन घेऊन कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. खाली सही केली. मी तर नुसती खूण करायची. हिनं बँकेत करतात तशी पूर्ण सही केली. तिचं नाव, मधे तुमचं नाव, मग आडनाव.

मला इतका राग आलाय, भावजी. नऊ दिवसांचं काम. उद्या पहिल्या ओळीपासून परत बसायचंय.